पहिला पर्याय कोणता लिहावा?

इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरात सीईटीचा निकाल आणि पहिली अलॉटमेंट यांच्या मधले दिवस फार कठीण जातात. पर्सेंटाइल हातात आलेलं असतं, पण कॉलेज कुठलं, गाव कुठलं, खोली कुणाबरोबर, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग शेजारी, मावसभाऊ, क्लासवाले, सायबर कॅफेतला मुलगा, जो तो सल्ला देतो. त्यातले काही सल्ले इतके चुकीचे असतात की चांगले गुण असूनही मुलाचं नुकसान होतं. ओळखीपाळखीची मुलं ऑप्शन फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे पुन्हा पुन्हा उलगडून सांगावं लागतं, तेच इथे लिहीत आहे.

आधी पर्सेंटाइल. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण, हा समज अजूनही घराघरांत आहे. एमएचटी-सीईटीचा पेपर २०० गुणांचा असतो आणि तो बऱ्याच दिवसांत, अनेक सत्रांत होतो. एका सत्रात १०,००० मुलं बसली आणि त्यातल्या ९,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी असले, तर तुमचं पर्सेंटाइल ९०. गुण किती पडले हे त्यात दिसत नाही, रांगेतली जागा दिसते. म्हणूनच ‘एकाच पर्सेंटाइलने काय होतंय’ असं म्हणू नये. पीसीएम गटात २०२५ मध्ये चार लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली. एवढ्या रांगेत एक पर्सेंटाइल म्हणजे सुमारे चार हजार मुलांचं अंतर.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र ऑप्शन फॉर्मचा. ‘आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिलं तर हातचं कॉलेजही जाईल’, या भीतीने मुलं आपल्या आवडीचं कॉलेज यादीतच घालत नाहीत. जागावाटप कसं होतं ते बघा. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या उमेदवारापासून सुरुवात करतो. त्या उमेदवाराची यादी वरून खाली तपासतो आणि जिथे त्याच्या प्रवर्गात बसणारी जागा शिल्लक असेल ती देतो. मग पुढचा उमेदवार. समजा, एका मुलीने पहिला पर्याय पुण्याच्या सीओईपीतलं कॉम्प्युटर लिहिला आणि दुसरा सांगलीच्या वालचंदमधलं कॉम्प्युटर. तिच्याच प्रवर्गातल्या, पण मेरिटमध्ये तिच्या मागे असलेल्या एका मुलाने वालचंद पहिल्याच क्रमांकावर लिहिलं. वालचंदची एकच जागा उरली असेल तर ती मुलीलाच मिळते. तिने ते दुसरं लिहिलं म्हणून तिचा हक्क कमी होत नाही, कारण आधी तिची पाळी येते. सीओईपी मिळालं नाही तरी तिचं काही गेलं नाही.

म्हणजे यादी खऱ्या पसंतीच्या क्रमाने लिहावी. फक्त २०२५-२६ पासून त्यात एक मोठा बदल झाला आहे आणि जुने सल्लागार तो लक्षात घेत नाहीत. आता कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप गोठते, म्हणजे ऑटो फ्रीज होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही पर्याय मिळाला तर तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. गोठलेली जागा नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून उमेदवार बाहेर पडतो. त्यामुळे ‘नंतर बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी वरच्या पर्यायासाठी, जाऊ, आत्ता नुसतं लिहून ठेवू’ हे यादीतल्या वरच्या पर्यायांपुरतं तरी आता चालत नाही. नावाजलेलं कॉलेज म्हणून मनात नसलेली शाखा पहिल्या क्रमांकावर टाकली आणि ती मिळाली, तर पुढची चार वर्षं तीच शिकावी लागते. पहिला पर्याय असा लिहा, की तो मिळाल्याचा मेसेज आल्यावर मुलाला आनंदच होईल. तो पर्याय मुलाने स्वतः लिहावा, बाबांनी किंवा क्लासच्या सरांनी नाही.

याच्या उलट चूक म्हणजे यादी फार आखूड ठेवणं. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, तरी बरीच मुलं आठ-दहा लिहून फॉर्म कन्फर्म करतात आणि पहिल्या फेरीत काहीच न मिळाल्यावर हादरतात. चालतील अशी सगळी कॉलेजं लिहावीत, पण जिथे जायचंच नाही ते एकही लिहू नये.

कटऑफ कुणी ठरवत नाही, हेही सांगावं लागतं. मागच्या वर्षी त्या जागेवर सर्वांत शेवटी प्रवेश मिळालेल्या उमेदवाराचा क्रमांक आणि पर्सेंटाइल, एवढाच कटऑफचा अर्थ. यंदा मुलं वेगळी, पसंती वेगळी, त्यामुळे तो वरखाली होणारच. शिवाय तो बघताना कोणता रकाना वाचायचा हे कळलं पाहिजे. प्रवर्गाच्या कोडमध्ये सुरुवातीचं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. शेवटचं अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. बहुतेकांचं गृह विद्यापीठ बारावी कुठून झाली त्यावरून ठरतं. नांदेडला बारावी केलेला मुलगा पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजचा एच रकाना बघून हिशेब मांडत असेल, तर तो हिशेब दुसऱ्याच कुणाचा आहे. त्याने ओ रकाना बघायचा. सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआयच्या जागांपुढे एस दिसेल, तिथे राज्यभरातली मुलं एकाच रांगेत असतात.

पैशांबद्दलचे समज दोन्ही टोकांचे असतात. ‘मुलींना आता सगळं मोफत’ हे खरं नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तेही प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तरच. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला ते लागू नाही. होस्टेल आणि मेसचा खर्च घरालाच करावा लागतो. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, जागांवरही फक्त शिक्षण शुल्क माफ होतं आणि ती जागा घेतली की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

‘एकदा फी भरली की अडकलो’ म्हणून घाबरू नये. ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्काचे १,००० रुपये वजा करून बाकी फी परत मिळते. मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची असतात, ती अडकवून ठेवता येत नाहीत. प्रमाणपत्रांबद्दलचं हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आणि या सगळ्याच्या पलीकडे मुलांच्या मनात जे चाललेलं असतं ते फॉर्मवर कुठेच नसतं. नव्या कॉलेजात कसं असेल? मराठी शाळेतून आलेली मुलं इंग्रजीच्या धास्तीने खचतात. पण अकरावी-बारावी सायन्स त्यांनी इंग्रजीतूनच पार पाडलेलं असतं आणि सीईटीतलं गणितही इंग्रजीतूनच सोडवलेलं असतं. अवघड वळण मागे पडलेलं आहे, हे त्यांना कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. प्रवेश झाला की होस्टेल मिळतंच, असंही नाही. बहुतेक ठिकाणी होस्टेलचा अर्ज वेगळा, यादी वेगळी आणि जागा कमी. कॉलेज ठरताच त्याच दिवशी होस्टेलची चौकशी करावी. ‘पहिलं वर्ष आराम कर, शाखा नंतर बदलता येते’ या सल्ल्यावर तर मुळीच विसंबू नये. शाखाबदल रिकाम्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवरच होतो, म्हणजे तिथे पुन्हा मेरिटच.

राहिलं रॅगिंग. ‘थोडं सहन करायचं, त्यातूनच ओळखी होतात’ असं घरचेच सांगतात, आणि ते ऐकून मुलगा गप्प बसतो. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि नाव न सांगताही तक्रार करता येते. मुलगा निघण्याआधी हा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, आणि ‘काही झालं तर आधी घरी फोन कर, आम्ही तुझ्याच बाजूने उभे आहोत’ हे त्याला स्वच्छ शब्दांत सांगा.

अलॉटमेंटला अजून दिवस असतील तर रोज वेबसाइट उघडून बघण्यापेक्षा कागदांची फाईल काढा. नॉन-क्रीमी लेअर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रांवरची मुदत वाचा, जात वैधतेचं काम कुठवर आलंय ते विचारा, नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी ताडून बघा. सेतू केंद्रात रांग लागण्याआधी हे उरकलं, तर अलॉटमेंटनंतरची पळापळ टळते.