राखणीच्या कुत्र्याला हात कसा लावावा?

शिराळा तालुक्यात वारणा व मोरणा या नद्यांकाठच्या ऊसमळ्यांत, तसेच पश्चिमेकडील डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांवर, शेताच्या व गोठ्याच्या राखणीसाठी कुत्रे पाळले जाते. रानडुकराची किंवा बिबट्याची चाहूल बहुधा प्रथम त्यालाच लागते. तथापि, बैलाची पाठ रोज थोपटणारे अनेक शेतकरी कुत्र्याला भाकरी घालण्यापलीकडे हात लावीत नाहीत. अशा कुत्र्याला स्पर्शाची सवय राहत नाही. लस टोचण्याच्या दिवशी ते हाती लागत नाही, आणि लसीवाचून राहिलेले कुत्रे घरातील मुलामाणसांच्या जिवास धोका ठरू शकते. म्हणून कुत्र्याला रुचेल अशा रीतीने हात लावणे हे पशुपालनातील आवश्यक काम समजावे.

जवळ कसे जावे

बैलाच्या मानेखालची पोळी खाजविली की तो मान लांब करून उभा राहतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. कुत्र्याच्याही आवडीच्या जागा असतात. छाती, हनुवटीखालचा भाग, मानेची बाजू व खांदे येथे हात फिरविलेला बहुतेक कुत्र्यांना आवडतो. डोक्यावर वरून येणारा हात त्यांना भीतिदायक वाटतो. पंजे, शेपूट व पोट यांना एकाएकी हात लावू नये.

समोरून चालून जाऊन डोळ्यांत रोखून पाहू नये. थोडे अंतर ठेवून, अंग तिरपे करून खाली बसावे व कुत्र्याला आपण होऊन जवळ येऊ द्यावे. ते हुंगून थांबले, तर केसांच्या दिशेने हात सावकाश फिरवावा. तीन-चार वेळा फिरविल्यावर हात काढून घ्यावा. कुत्रे पुन्हा अंगाशी आले किंवा त्याने नाकाने हात ढोसला, तर त्यास ते हवे आहे असे समजावे. ते दूर सरले, तर तेथेच थांबावे.

नापसंतीच्या खुणा

तोंड फिरविणे, वारंवार ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, अंग ताठ करणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे व शेपूट पायांत घालणे या अस्वस्थतेच्या खुणा होत. शेपूट हलते म्हणजे कुत्रे खूष आहे असे नेहमीच नसते. ताठ उभारून हलविलेली शेपूट इशाराही असू शकते. गुरगुरण्याबद्दल कुत्र्यास मारू नये. मार खाऊन गुरगुरणे सोडलेले कुत्रे सूचना न देताच चावण्याचा संभव असतो.

खात असलेल्या, झोपलेल्या, साखळीने बांधलेल्या किंवा पिले पाजीत असलेल्या कुत्र्याजवळ मुलांस जाऊ देऊ नये. कुत्र्याच्या गळ्यास मिठी मारू नये, हेही मुलांस शिकवावे. अनोळखी कुत्र्यास हात लावू नये.

रोजच्या स्पर्शाचा लाभ

दररोज पाच मिनिटे हात फिरविल्यास कानामागील गोचीड, काटा, सूज किंवा जखम वेळीच ध्यानात येते. गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. स्पर्शास सरावलेल्या कुत्र्यास धरून लस टोचणे सोपे जाते. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात.

कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, हळद किंवा तिखट लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व डॉक्टर सांगतील तितकी सर्व इंजेक्शने पूर्ण करावीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लसीकरण शिबिराच्या काही आठवडे आधीच वस्तीवस्तीवर ही पद्धत प्रत्यक्ष करून दाखवावी. कुत्र्याचा मालकाच्या हातावर विश्वास बसलेला असला म्हणजे शिबिराच्या दिवशी ते दोरीशी झगडत नाही.