मोजूनमापून बांधलेलं केरिमाकी

पूर्व फिनलंडमधल्या केरिमाकीच्या लाकडी चर्चबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. आराखड्यातली मापं वाचताना सुतारांची गफलत झाली आणि ठरलं होतं त्याच्या कितीतरी पट मोठं चर्च उभं राहिलं, अशी. ही गोष्ट खोटी आहे. शिवाय ती तिथल्या शेतकऱ्यांवर अन्याय करते, असं मला मनापासून वाटतं.

आसपासच्या वस्तीतली निम्मी माणसं एकाच वेळी बसू शकतील, एवढी जागा हवी हा हिशोब आधीच झालेला होता. ग्रानस्टेड यांनी आराखडा केला, तोल्पो बापलेकांनी बांधकाम केलं आणि १८४७ मध्ये चर्च पुरं झालं. लांबी ४५ मीटर, रुंदी ४२, उंची ३७. आत सज्जांचे दोन मजले. सगळे बाक एकापुढे एक मांडले तर दीड किलोमीटरच्या वर जातील. बसायला तीन हजारांहून अधिक जागा, आणि उभे राहणारे धरले तर पाच हजार माणसं मावतात. जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी चर्चमध्ये त्याची गणना होते. एवढा पसारा ऊबदार ठेवणं मात्र जमलं नाही. पुढे शेगड्या बसवल्या, त्याही अपुऱ्या पडल्या, आणि १९५३ मध्ये हिवाळ्यासाठी वेगळं, लहान चर्च बांधावं लागलं.

त्या काळी चर्च म्हणजे फक्त प्रार्थनेची जागा नव्हती. गोरगरिबांची सोय आणि गावचा कारभार चर्चच्याच सभेत ठरे. १८६५ च्या फर्मानानं ग्रामीण पालिका चर्चपासून वेगळ्या झाल्या. केरिमाकीचा कारभार अशा पालिकेकडे आला आणि २०१२ च्या अखेरपर्यंत तिच्याकडेच राहिला.

गावाचं पोट मात्र शेतीइतकंच पुरुवेसी तलावावर. पाणी इतकं नितळ की तळ खोलवर दिसतो. इथला मुइक्कु हा वीतभर लांबीचाही नसलेला चंदेरी मासा. काटे मऊ, त्यामुळे तळून अख्खा खाता येतो. तलाव गोठला की बर्फाखालून जाळं ओढतात. एका मोठ्या भोकातून जाळं आत सोडायचं, त्याचे दोन्ही दोर बर्फाखालून दोन बाजूंनी पुढे न्यायचे आणि दूरच्या भोकातून सगळा घेर वर ओढायचा. आपल्या कोकणातली रापणच, फक्त किनाऱ्याच्या जागी बर्फ.

पुढे गावातले तरुण शहरांकडे गेले, म्हातारे उरले. शाळा, दवाखाना, वृद्धांची देखभाल हे सारं पालिकेच्याच गळ्यात. सरकारनं पालिकांच्या विलीनीकरणाला उत्तेजन दिलं. २००० साली देशात ४५२ पालिका होत्या, २०१३ मध्ये ३२० उरल्या. १ जानेवारी २०१३ रोजी केरिमाकी आणि शेजारचं पुन्काहार्यू साव्होनलिन्ना शहरात विलीन झाली. तेव्हा केरिमाकीत साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहत होते, म्हणजे जवळजवळ त्या चर्चमध्ये मावतील एवढेच.

दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, आरोग्य आणि वृद्धसेवा देशातल्या जवळजवळ सगळ्या पालिकांकडून काढून नव्या प्रादेशिक यंत्रणांकडे सोपवल्या गेल्या. ज्या खर्चाच्या भीतीनं लहान पालिका मोडल्या, त्यातला सर्वांत जड भार नंतर बहुतेक पालिकांवर राहिलाच नाही. हा निर्णय आधी झाला असता तर केरिमाकीची पालिका टिकली असती का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ज्या गावानं आपल्या गरजेचं माप स्वतः काढलं होतं, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारायलाच हवा.

विलीनीकरणाच्याच वर्षी ‘पुरुवेसीचा मुइक्कु’ या नावाला युरोपीय संघानं भौगोलिक संरक्षण दिलं. दुसऱ्या कुठल्याही तलावातला मासा आता त्या नावानं विकता येत नाही.