कशाला मानायचे ‘क्ष’?

शाब्दिक उदाहरण सोडवताना गाडी अडते ती बहुधा पहिल्याच ओळीत: क्ष कशाला मानायचे? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातले एक उदाहरण पाहा. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तेवढ्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखीच. तर एका घोड्याची किंमत किती?

घाईघाईत विद्यार्थी ‘क्ष म्हणजे घोडे’ असे लिहून मोकळा होतो. पण घोडे किती, हे तर दिलेलेच आहे! शोधायची आहे ती एका घोड्याची किंमत, आणि तीही रुपयांत.

ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट इथे आहे, ती म्हणजे प्रत्येकाची एकूण मालमत्ता. तिच्यासाठी वेगळे अक्षर लागत नाही, कारण ती किमतीवरूनच मांडता येते. पहिल्याची ६क्ष + ३००, दुसऱ्याची १०क्ष − १००. ‘सारखीच’ या शब्दामुळे दोन्हींच्या मध्ये बरोबरचे चिन्ह येते. मग ४क्ष = ४००, म्हणजे किंमत १०० रुपये. पडताळा घ्या: दोघांचेही ९०० रुपये भरतात.

बाराव्या शतकातले भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत. मांडणीत तिच्यासाठी नुसते ‘या’ येई आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. अज्ञात राशी एकाहून अधिक असल्या, की पुढच्यांना रंगांची नावे मिळत: कालक, नीलक, पीतक, लोहितक.