पायाखालची भुई : माणगाव परिसरातील घरांच्या जमिनींचा आढावा

माणगाव तालुक्यातील एखाद्या वाडीत शेणाने सारवलेली माती, सिमेंटचा कोबा, शहाबादी फरशी आणि आरशासारखी चकाकणारी व्हिट्रिफाइड लादी या चारही पिढ्या शेजारीशेजारी नांदताना दिसतात. कित्येकदा तर ओटीवर लादी, माजघरात कोबा आणि मागल्या पडवीत माती अशी वाटणी एकाच छपराखाली झालेली असते. लादीची निवड दुकानात रंग आणि भाव पाहून होते, परंतु तिचे आयुष्य ठरते ते जोत्यात, म्हणजे घराच्या उंचावलेल्या बैठकीत, घातलेल्या भरावावर आणि त्यातून वर चढणाऱ्या ओलीवर. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या रायगड जिल्ह्यात म्हणूनच घराचे वय हा निवडीचा पहिला निकष मानावा लागतो.

सर्वांत जुन्या घरांत तांबडी माती पसरून, पाणी शिंपडून, धुमसाने म्हणजे जड ठोकळ्याने ठोकून आणि मग चोपण्याने म्हणजे लाकडी फळीने दिवसचे दिवस चोपून जमीन केली जाई. अशी जमीन ओल शोषते आणि कोरड्या हवेत ती सोडूनही देते. मात्र तिला वारंवार सारवण लागते आणि वाळवीचे भय असते. या मातीवर थेट सिमेंट किंवा लादी घातली, की ओलीची वरची वाट बंद होते, ती कडेने मातीच्या भिंतीत शिरते आणि काही पावसाळ्यांत भिंतीच्या पायथ्याचा गिलावा फुगून सुटू लागतो, म्हणजेच दोष दिसतो भिंतीत आणि त्याचे मूळ असते जमिनीत. भिंती मातीच्या असतील, तर सारवण राखणे किंवा सांधे मोकळे ठेवून दगडी फरशी घालणे अधिक शहाणपणाचे ठरते.

त्यानंतरच्या पिढीने कोबा, म्हणजे काँक्रीटवर सिमेंटचा घोटीव थर, स्वीकारला. सिमेंट सुकताना आकसते, त्यामुळे काचेच्या पट्ट्यांनी चौकोन न पाडलेल्या कोब्याला वेड्यावाकड्या भेगा जातात. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादवरून नाव मिळालेली फरशी ही चुनखडीची असल्याने पायाला थंड लागते आणि तिच्यावर पाय सहसा घसरत नाही. परंतु कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस सांडून राहिला, तर आम्लाने तिचा पृष्ठभाग खाल्ला जाऊन फिकट डाग कायमचा उरतो. कोकणातल्या स्वयंपाकघरात ही अडचण लहान नाही.

रंगीत सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांचा इतिहास तर याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. स्वदेशीच्या प्रेरणेने 1922 मध्ये सुरू झालेल्या ‘भारत’ लाद्यांचा कारखाना आजच्या रायगड जिल्ह्यातील उरण येथे होता. पुढे संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून घासलेली मोझॅक लादी रूढ झाली; ती डागाळली तरी पुन्हा घासून उजळता येते, म्हणून धड स्थितीतील मोझॅक उखडणे हा बहुधा तोट्याचा व्यवहार असतो. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर टप्पा 1993 मध्ये सुरू होऊन माणगावाला गाडी आली आणि महामार्गालगत वस्ती वाढत गेली, तशी नवी घरे स्लॅबची झाली. या घरांत आज मुख्यतः गुजरातेतील मोरबीची लादी बसते.

व्हिट्रिफाइड लादी उच्च तापमानात जवळजवळ काचेसारखी भाजलेली असते आणि आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. डाग न पडण्याचा तिचा गुण याच घट्टपणातून येतो आणि तिचा दोषही. सिमेंटचा घोळ तिच्या पाठीत मुरत नाही, म्हणून तिला चिकटद्रव्य, म्हणजे तयार मिळणारे पॉलिमरमिश्रित सिमेंट, लागते. हे चिकटद्रव्य दातेरी थापीने सर्वत्र पसरावे लागते. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून बसवलेली लादी टकटक केल्यावर पोकळ वाजते आणि जड भांडे पडताच तडकते.

जुन्या लादीवर नवी बसवल्यास जमीन सुमारे 15 मिलिमीटरने उंचावते, दारे खालून तासावी लागतात आणि उंबरठा बुडतो. न्हाणीघर तर बाहेरच्या खोलीपेक्षा खालीच राहिले पाहिजे आणि त्याला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. लाकडी तुळयांच्या माळ्यावर 50 मिलिमीटर मसाला घातला, तर लादीचे वजन सोडूनही दर चौरस मीटरला सुमारे 100 किलोंचा कायमचा भार पडतो, आणि तो जुन्या तुळयांना झेपेलच असे नाही. पडवीत व पायऱ्यांवर गुळगुळीत लादी टाळून खडबडीत निवडावी.

चाकरमान्यांची बंद घरे हा इथला खास प्रश्न होय, कारण महिनोन्‌महिने हवा न खेळलेल्या खोलीत ओल साचून सांध्यांतून पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, फुटतो. त्यावर सोपी परीक्षा आहे : गणपतीला घर उघडताच जमिनीवर दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून एक दिवसरात्र ठेवावा, खालच्या बाजूला थेंब जमले, तर आधी भराव काढून दगडी सोलिंग, जाड प्लास्टिकचा थर आणि काँक्रीट घालावे आणि मगच लादीचे दुकान गाठावे. परीक्षा पावसाळ्यात आणि काम दिवाळीनंतर, हा क्रम ज्या घराने पाळला, त्या घराला लादी पुन्हा उखडण्याची पाळी सहसा येत नाही.