जुनी ‘हिमालयन’ : आधी दुरुस्ती, मग सजावट

रॉयल एनफिल्डची ४११ सी.सी. ‘हिमालयन’ २०१६ साली बाजारात आली. २०२३ मध्ये ४५० सी.सी.ची गाडी आल्यावर जुनी आता वापरलेलीच घ्यावी लागते. ती घरी दुरुस्त करणाऱ्या कारागीर बांधवांनी पहिला पैसा कुठे घालावा, हे नीट समजून घ्यावे.

गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करा. हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. मध्यभागी अडकले, तर कोनसेट झिजला आहे. फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढा. खटखट जाणवली, तर कोनसेट सैल आहे. अशी गाडी खड्ड्यात हाताबाहेर जाते. मग स्पोकवर पाना वाजवा. बद्द आवाजाचा स्पोक सैल समजावा. ब्रेक ऑइल पाणी शोषते, म्हणून जुने काढून नवे भरा.

यानंतरच सजावट. जादा दिव्यांसाठी मूळ वायरिंग कापू नका. फ्यूज व रिले वेगळे घ्या आणि कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कॅरिअर मूळ बोल्टवर बसणारे निवडा, चेसीला वेल्डिंग नको.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवावे. परवानगी नसलेला बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून कर्कश सायलेन्सरच्या मोहात पडू नये. सुट्या भागांच्या पावत्या मात्र जपाव्यात. विकताना गिऱ्हाईक त्याच पाहून भरवसा ठेवते.