मॅगाबेरी: एक तुरुंग, दोन गट

उत्तर आयर्लंडमधल्या या तुरुंगात वेगळ्या ठेवलेल्या कैद्यांपैकी रिपब्लिकन (आयर्लंडच्या एकीकरणाच्या बाजूचे) रो हाऊसमध्ये, तर लॉयलिस्ट (ब्रिटनशी जोडलेले राहण्याच्या बाजूचे) बुश हाऊसमध्ये असतात. २००३ मध्ये जॉन स्टील यांच्या अहवालानंतर ही सोय झाली. जुन्या मेझ तुरुंगात बराकींचा ताबा जवळजवळ कैद्यांकडेच गेला होता. ते पुन्हा नको म्हणून इथे एका वेळी मोजकेच कैदी कोठडीबाहेर सोडतात. कैद्यांना हा जाच वाटतो. त्याहून मोठा वाद कपडे उतरवून होणाऱ्या झडतीचा. कैद्यांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०१० मध्ये झालेल्या समझोत्यात तिच्याऐवजी स्कॅनर-खुर्ची आली, पण तुरुंगात येता-जाताना जुनीच पद्धत राहिली आणि आंदोलन पुन्हा पेटले. कर्मचाऱ्यांना धोका फक्त आतच नाही: नोव्हेंबर २०१२ मध्ये डेव्हिड ब्लॅक या तुरुंग-अधिकाऱ्याची कामावर जाताना महामार्गावर गोळ्या घालून हत्या झाली.