सवाईच्या स्टेजवरचा मिरजेचा भोपळा

डिसेंबरात सवाईला जाता ना? मग यंदा एक करा. गवय्यावरून नजर काढून त्याच्या मागं बघा. दोन तानपुरे, दोन शिष्य. कॅमेरा तिकडं फारसा जात नाही. त्या तानपुऱ्यांचं गाव विचारलंत, तर उत्तर बहुतेक वेळा एकच येईल : मिरज.

मिरज म्हणजे पटवर्धनांचं छोटंसं संस्थान. तिथले शिकलगार तलवारींना धार लावायचे. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी आटली आणि १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडं वळले. तलवारीवरून थेट तानपुऱ्यावर, विचार करा! संस्थानात गाण्याची कदरही होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथं शिकवायचे. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडं मिरजेतच घडले आणि १९०१ मध्ये थेट लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात जो महोत्सव सुरू केला, तोच आपला 'सवाई'. म्हणजे मुळं मिरजेपर्यंत जातातच.

आता त्या भोपळ्याचं. तो भाजीचा नव्हे, कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतो. वाळवून, पोखरून त्याला लाकडी दांडी जोडतात. पण खरी मेख जवारीत आहे. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसीनं किंचित उतरता घासायचा, इतका हलका की तार त्याला चाटून जावी. मग तारेखाली सुती दोरा सरकवत जायचं. एका जागी आवाज एकदम उमलतो आणि चार तारांतून न छेडलेले सूरही ऐकू यायला लागतात. ही जागा फूटपट्टीनं सापडत नाही. घासणाऱ्याचा कान लागतो, आणि तो तयार व्हायला वर्षं जातात.

इथंच घोडं अडलंय. रियाजाला तुमच्या-आमच्या मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप असतं. सोयीचंच आहे, पीजीच्या खोलीत साडेचार फुटी वाद्य ठेवणार कुठं? पण मागणी घटली की कारागिराच्या पोराला बापाशेजारी बसून कान तयार करायला कारण उरत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, छान झालं. त्यानं नाव राखलं जाईल. जवारी काढणारा हात मात्र कामावरच टिकतो.

मिरज पुण्याहून रेल्वेनं पाच-सहा तासांवर. सतारमेकर गल्ली कुणीही दाखवेल. विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण घरी आजीचा जुना तानपुरा धूळ खात असेल, तर तो घेऊन जा. जवारी काढून द्या म्हणावं, आणि ते होईस्तोवर तिथंच बसा. मोबाईल खिशात.